सायकल स्टँडजवळची खोली

१७ जून, मंगळवार

ही डायरी संत्र्याच्या कलमांसाठी खत घेतलं तेव्हा दुकानदाराने फुकट दिली. आमच्या ह्यांनी, म्हणजे विनायकरावांनी, ती माझ्यापुढे आपटली अन् म्हणाले, "याच्यात लिही. रोज संध्याकाळी माह्यं डोकं नको खाऊ." नवऱ्याकडून पस्तीस वर्षांत मिळालेली ही पहिलीच वही. घेतली.

आज शाळा उघडली. नकाशात मध्य प्रदेशात अन् तोंडाने मराठी अशा आमच्या पांढुर्ण्यात तिला सगळे 'मोठी शाळा' म्हणतात, अन् ती आहेच मोठी. तीन मजले, पिवळ्या बसा, प्रयोगशाळा, भिंतीवर बटण दाबलं की उजळणारे फळे. आता मराठी माध्यमाचा वर्ग पाहायचा असेल तर या सगळ्याला वळसा घालून मागे जा. सायकल स्टँडला लागून एक खोली आहे, खिडकीचं एक दार लागत नाही, अन् तासभर सायकलच्या घंट्या ऐकू येतात. तिथे मी, विजयमाला मॅडम, शिकवते. आता त्या खोलीलाही घरघर लागली आहे.

प्राचार्यांनी बोलावलं होतं. प्राचार्य म्हणजे वीरेंद्र, बोरगावचा, माझाच विद्यार्थी. त्याच खोलीत शिकला, निबंधात एक वाक्य धड लिहायचा नाही. आता खुर्चीत बसतो अन् हिंदीत बोलतो. म्हणाला, "मैडम, नौवीं मराठी में इस बार एडमिशन बहुत कम हैं. भोपाल से अधिकारी आएँगी, देखेंगी, फिर तय होगा कि सेक्शन रहेगा या नहीं." मी म्हटलं, "सर, यह अन्याय है, मैं पालकों को लेकर आऊँगी." तो म्हणाला, "लाइए." वर आणखी एक काम गळ्यात घातलं. शाळेला साठ वर्षं होतात, स्मारिका निघणार, शाळेचा इतिहास मी लिहायचा.

म्हणजे घर पाडायचं अन् पाडण्याआधी त्याचं वर्णनही मीच करायचं. संताप संताप झाला नुसता.

घरी येऊन ह्यांना सांगत होते, तेवढ्यात वीरेंद्रचा फोन आला. बोलून ठेवला तर हे हसतात. "माह्यावर मराठीत ओरडते अन् फोन आला का लगेच 'जी सर, जी सर'!" यांना कशाचंही हसूच येतं. ऑफिसचं बोलणं ऑफिससारखंच असतं, त्यात काय हसायचं?

२१ जून, शनिवार

इतिहासासाठी बापूजींकडे गेले. ते शाळेच्या अगदी पहिल्या तुकडीतले, नंतर तिथेच मुख्याध्यापक झाले. मलाही त्यांनीच शिकवलं. आता ऐकू कमी येतं, पण आवाज तोच, खिडकीच्या काचा हलवणारा.

"लिही," म्हणाले. "शाळा भरली जिनिंगच्या गोदामात. कापूस नाकात जायचा, अख्खा वर्ग शिंकायचा. अन् सारी शाळा मराठी. सारी! हिंदीचं एक पोट्टं नव्हतं."

मग स्टेशनवर इटारसीकडचे रेल्वेवाले बदलून आले. त्यांची मुलं हिंदीची. ते लोक बापूजींच्या सरांकडे आले, म्हणाले आमच्या लेकरांचं काय? "तवा गावानं एक खोली रिकामी करून देल्ली. आपल्या पोट्ट्यायनं आपले बाक उचलून तिकडं नेले. मी सोता उचलले. लेकरांले त्यायच्या भाषेत शिकता आलं पायजे, असं सर म्हणाले. कोनी हो-नाही केलं नाही."

ऐकून मला भरून आलं. तेव्हा एक खोली हिंदीची होती, आज एक खोली मराठीची आहे. अन् ती खोलीही नेमकी तीच, गोदामाच्याच जागेवर शाळा वाढली, फक्त मधे भिंती नव्या झाल्या.

हायस्कुलाला मंजुरी कशी मिळाली तेही सांगितलं. मोठा साहेब चौकशीला आला होता. गावची माणसं धोतरं नेसून जमली अन् बोलायला लागली. साहेबाला एक अक्षर समजेना. "मंग त्याले दुभाष्या आनावा लागला! तिगावच्या स्टेशनातून एका बाबूले आनला. साहेब घामाघूम. शेवटी म्हने, बस करा बाप्पा, देतो तुम्हाले मराठी शाळा." बापूजी इतके हसले की खोकला लागला, सुनेने पाणी दिलं.

गंमतीचा किस्सा आहे. स्मारिकेत घ्यावा की नाही ते ठरवीन, जरा गावठी दिसतो.

३० जून, सोमवार

तिगावला गेले. नववीला मुलं मिळवायची तर दारोदार फिरण्याशिवाय इलाज नाही, अन् या वयात गुडघे साथ देत नाहीत. दादाराव शेतमजुरी करतात, आत्ताच कपाशीच्या निंदणावरून आले होते. त्यांची रूपाली यंदा आठवी पास झाली, गावच्या मराठी शाळेतून. काय पोरगी आहे! मी सहज विचारलं, दिवा झाकला की का विझतो? तर तिने वाटी आणली, मेणबत्ती आणली, करूनच दाखवलं, अन् वर मलाच विचारलं, "मॅडम, मंग वाटीत थोडी हवा राहते का सारीच संपते?" मला उत्तर माहीत नव्हतं. मराठीची बाई मी.

दादाराव म्हणाले, "आठवीचा निकाल लागल्यावर मोठ्या शाळेत हिंदीत बसवली होती पंधरा दिवस एप्रिलमधी. घरी येऊन रडे. इथं बोलते तशी तिथं तोंडच नाई उघडत. तुमची मराठीची खोली राहत असन त पाठवतो, मॅडम. नाई त सावसरले मावशीकडं शिलाई शिकाले जाईन. लग्न होईपर्यंत हाताले काम त राहीन."

रूपाली दाराआडून म्हणाली, "मले शिलाई नाई शिकाची."

मी शब्द दिला. खोली राहील, म्हटलं. कोणाच्या भरवशावर दिला देव जाणे, पण दिला.

५ जुलै, शनिवार

शाळेचा इतिहास लिहून झाला. हिंदीत लिहिला अर्थातच, स्मारिका भोपाळपर्यंत जाणार, सगळ्यांना वाचता आली पाहिजे. बापूजींचा दुभाष्याचा किस्सा गाळला. वीरेंद्रने वाचून म्हटलं, "मैडम, आपकी हिंदी तो हिंदीवालों से अच्छी है." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

अधिकारी बाई चौदाला, सोमवारी येणार. मला आठवडा मिळाला आहे. झोप लागत नाही. सारखं रूपालीचं "मले शिलाई नाई शिकाची" कानात वाजतं.

९ जुलै, बुधवार

पालकांची तयारी करून घेते आहे. हे काम हत्तीला आंघोळ घालण्यापेक्षा कठीण.

देवकाबाई गुजरीत भाजी विकतात. त्यांचा नातू यंदा नववीत, माझ्याच वर्गात आहे. खणखणीत बाई, भाव करणाऱ्याला दोन वाक्यांत घरी पाठवते. त्यांना म्हटलं, तुम्ही पहिल्या बोला. म्हणाल्या, "बोलतो नं! मी सांगन त्या साहेबीनले, बाई व, माह्या नातवाले घरी मी अभ्यास विचारतो. मले लिहता येत नाई, पन आयकता येते. थो मराठीत वाचते, मी आयकतो, चुकला का टोकतो. हिंदीत गेला त मी कायले टोकू? माह्या घरातला मास्तरच गेला म्हना नं!"

मी म्हटलं, "देवकाबाई, असं नाही बोलायचं. भोपाळच्या मोठ्या अधिकारी आहेत त्या. त्यांना काय समजणार तुमचं? अन् अडाण्यासारखं दिसेल. मी लिहून देते ते हिंदीत पाठ करा."

"पन मले हिंदी..."

"येते तुम्हाला. गिऱ्हाइकाशी बोलता नं?"

त्यांनी पदर सावरला. मग बिचाऱ्या माझ्यामागे म्हणायला लागल्या, "महोदया, मातृभाषा में शिक्षा बालक का अधिकार है. हमारी विनम्र प्रार्थना है..." शेजारचा कांदेवाला हसला तर त्याला असा दम दिला की तो कांदे निवडायला लागला.

संध्याकाळी रूपालीला घरी बोलावलं. मराठीतली पोरं मागे नाहीत, हे त्या बाईला दिसलंच पाहिजे. तिला हिंदीच्या विज्ञानातला प्रकाश-संश्लेषणाचा उतारा दिला. पोरीने दोन वेळा वाचला अन् विचारलं, "मॅडम, याचा अर्थ काय?" मी म्हटलं, अर्थ नंतर सांगते, आधी घडाघडा आला पाहिजे. हे बाजूला संत्र्याची रोपं मोजत बसले होते, माझ्याकडे बघत राहिले. यांचं हे असं बघणं मला जास्त टोचतं.

बापूजींना बोलवायचं नाही असं ठरवलं. एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, अन् हिंदी त्यांची अगदीच जेमतेम. उगाच फजिती.

१४ जुलै, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळपासून लोक आले. देवकाबाई नवं लुगडं नेसून, दादाराव इस्त्रीच्या शर्टात, रूपाली दोन वेण्यांत. तिगाव, रामाकोना, कुठून कुठून माणसं आली होती, शेतीची कामं टाकून. खोली भरली, बाहेर सायकलींवर टेकून लोक उभे होते. मला वाटलं, जिंकलो.

अधिकारी बाई तरुण होत्या. मला चिडायचं होतं, पण चिडावं असं त्यांच्यात काही नव्हतं. खुर्ची आणली तर म्हणाल्या राहू द्या, अन् बाकावरच बसल्या, पोरांच्या. सगळ्यांना नमस्कार केला. मग म्हणाल्या, "मैं बैतूल में रही हूँ, मराठी थोड़ी-थोड़ी समझ लेती हूँ. आप लोग अपनी भाषा में बोलिए, आराम से."

देवकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी उठले अन् हात जोडून म्हटलं, "नहीं नहीं मैडम, आपको कष्ट क्यों? सब हिंदी में ही बताएँगे. इनको अच्छी आती है."

मग देवकाबाई उभ्या राहिल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. "महोदया, मातृभाषा में शिक्षा बालक का अधिकार है..." शेवटपर्यंत. बाई म्हणाल्या, "अरे वाह, आप तो बहुत अच्छी हिंदी बोलती हैं!" देवकाबाई लाजून खाली बसल्या. मागोमाग एकेक जण बोलला. सगळ्यांचं पाठ. मी प्रत्येकासोबत ओठ हलवत होते. दादारावसुद्धा बोलले.

रूपालीने उतारा म्हटला. हरितलवक, सूर्य का प्रकाश, ऊर्जा का रूपांतरण, सगळं घडाघडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. विचारलं, "बेटा, हिंदी में पढ़ने में कोई दिक्कत?" रूपालीने माझ्याकडे बघितलं अन् मान हलवली. नाही म्हणून. मोठ्या माणसांसमोर असंच सांगायचं असतं ना, दिक्कत नाही म्हणून. आपल्याकडे पोरींना तेच शिकवतात.

वीरेंद्र दाराशी उभा होता. हिंदीत म्हणाला, आमच्याकडे सगळा समाज फार समजूतदार आहे.

जाताना अधिकारी बाई मला म्हणाल्या, "मैडम, आपने बच्चों और पालकों पर बहुत मेहनत की है. दिखता है." मी त्यांना संत्र्याची बर्फी दिली. घरी आले तर पाय जमिनीवर नव्हते. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "थ्या बाईनं म्हटलं होतं नं, आपल्या भाषेत बोला म्हनून?"

"हो. सौजन्य आहे बाईंमध्ये."

ते उठून रोपांना पाणी द्यायला गेले.

२२ जुलै, मंगळवार

आदेश आला. नववी मराठी या वर्षापासून बंद. मुलांना हिंदीत सामावून घ्यावं.

वीरेंद्रने कागद माझ्यासमोर ठेवला. कारण एका ओळीत होतं. पालक आणि विद्यार्थी हिंदीत पूर्णपणे सहज आहेत, त्यांना वेगळ्या माध्यमाची गरज दिसत नाही.

मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप पडला, त्याच्या कागदांवर चहा गेला. काय काय बोलले आठवत नाही. भोपाळवाले, दिल्लीवाले, सगळ्यांचा उद्धार केला.

संध्याकाळी वीरेंद्र घरी आला. उंबऱ्यात चपला काढून उभा, जसा शाळेत उशिरा आला की उभा राहायचा. अन् मराठीत बोलला. किती वर्षांनी त्याच्या तोंडून मराठी ऐकली! "मॅडम, मले बी वाईट वाटून राहिलं. मी बी त्याच खोलीत शिकलो."

माझा तोल गेला. "वाईट वाटतं? तिथे दारात उभा होतास. बाई स्वतः म्हणाली आपल्या भाषेत बोला. तू एक शब्द तरी मराठीत बोललास का रे? एक?"

तो चपला शोधायला वाकला.

आतून ह्यांचा आवाज आला, अगदी हळू. "अन् तू व?"

वीरेंद्र कधी गेला कळलं नाही. मी ओसरीवर बसून राहिले. देवकाबाई काय म्हणाल्या होत्या? माह्या घरातला मास्तरच गेला म्हना. याहून मोठं कारण त्या आदेशात कोणी लिहू शकलं असतं का? अन् ते वाक्य मी त्यांच्या तोंडातून काढून घेतलं, गावठी म्हणून. तिगावच्या त्या बाबूने धोतरवाल्यांचं बोलणं साहेबापर्यंत जसंच्या तसं नेलं. मी ते वाटेतच गिळलं. मला माझी लाज वाटते.

२९ जुलै, मंगळवार

तीन-चार दिवस मनाची तयारी केली. अधिकारी बाईंचा नंबर मिळवला. फोन करायचा, मराठीतच बोलायचं, सगळं सांगायचं, की त्या दिवशी जे ऐकलंत ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. पुन्हा या. एकदाच या. दुपारी देवासमोर बसून मोठ्याने म्हणून पाहिलं. "नमस्कार मॅडम, मी पांढुर्ण्याहून विजयमाला बोलते."

फोन लागला. पलीकडून आलं, "हाँ जी, कौन?"

अन् माझ्या तोंडून निघालं, "जी मैडम, नमस्ते, मैं पांढुर्णा से..."

तिथेच थांबले. पुढचं सुचेना. त्या "हेलो, हेलो" करत होत्या. मी पुन्हा मराठीत सुरू करायला गेले, तर जीभ वळेचना. छत्तीस वर्षं मराठी शिकवते मी, अन् एका साहेबासमोर मला माझ्या भाषेत नमस्कार म्हणता येत नाही. म्हटलं, "कुछ नहीं मैडम, बस बर्फी कैसी लगी पूछना था." त्या हसल्या, म्हणाल्या खूप छान होती.

फोन ठेवला अन् रडले. हुंदके देऊन रडले. ह्यांनी येऊन नुसता हात धरला, थट्टा केली नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

तिगावला जाऊन आले. रूपाली सावसरला गेली. दादाराव म्हणाले, "तुम्ही लय केलं, मॅडम. तुमचा दोष नाई." मी तोंड उघडलं होतं सांगायला, पण त्यांनी चहा ठेवायला सांगितला अन् राहून गेलं. कोनाड्यात ती वाटी अन् मेणबत्ती अजून होती.

खोलीत आता सायकली ठेवतात. स्टँड पुरत नव्हता, शाळा वाढली ना.

११ ऑगस्ट, सोमवार

गुजरीत जायचं टाळत होते. आज घरात काहीच नव्हतं म्हणून गेले, अन् लांबून जावं म्हटलं तर देवकाबाईंनी हाक मारलीच. "मॅडम! ओ मॅडम! इकडं या नं, कुठं चालल्या?"

गेले. त्यांनी माझ्या हातातून पिशवी ओढून घेतली अन् वांगी भरायला लागल्या, मी मागितली नसताना. नातवाने आदेशाचं घरी काही सांगितलेलं दिसत नाही, की यांना समजलं नाही, कोण जाणे. चेहरा अगदी फुललेला. कांदेवाल्याकडे बघत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय म्हनता मॅडम, थ्या दिवशी माह्यी हिंदी चुकली त नाई नं कुठं?"

"नाही," म्हटलं. "एकही शब्द चुकला नाही."

"पाय! मी म्हनलं होतं नं तुले?" त्या कांदेवाल्याला म्हणाल्या. "साहेबीननं सोता म्हनलं, बहुत अच्छी." मग माझ्याकडे वळल्या, पिशवी माझ्या हातात दिली, वर कोथिंबिरीची जुडी खोचली अन् आवाज खाली आणून विचारलं, "मंग मॅडम, आपली खोली कधी उघडून राहिली?"